घड्याळजीची पंधरा पानं

घड्याळजीचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मध्ये उरलेली फट. पूर्वी तिथे जिना होता म्हणतात. रुंदी एवढीच, की आम्ही दोघं समोरासमोर बसलो की गुडघ्याला गुडघा लागायचा, आणि गिऱ्हाईक आलं की मला उठून बाहेर उभं राहावं लागायचं. गिऱ्हाईक अंगाने बारीक असेल तर मी नुसता तिरका झालो तरी भागायचं. बावीस वर्षं अशी ऊठबस करत मी तिथे रमी खेळलो. या माणसाबद्दल चार ओळी लिहाव्यात असं फार दिवस मनात होतं. सांगण्यासारखं पुष्कळ आहे. त्यातली एक गोष्ट लिहायला हात पुढे होत नाही, म्हणून तीच आधी लिहून टाकतो.

माणूस दिसायला अगदी साधा. डाव्या डोळ्याभोवती एक गोल वळ, वर्षानुवर्षं भिंग लावून पडलेला. घड्याळ उघडलं की तो श्वास रोखायचा, कारण आतले स्क्रू मोहरीहून लहान, फुंकरीने उडतात. शिंक आलीच तर आधी दाराबाहेर पळायचा आणि मग शिंकायचा. एकदा मी आतच शिंकलो. मग अर्धा दिवस आम्ही दोघं फरशीवर पालथे पडून लोहचुंबक फिरवत होतो, आणि संध्याकाळी तो स्क्रू निघाला माझ्या सदऱ्याच्या खिशातून. घड्याळजी रागावला नाही. एवढंच म्हणाला, "वखारवाल्या, तुझ्याकडे गेलेला माल काही बाहेर येत नाही."

वखारवाल्या म्हणजे मी. लाकडाच्या वखारीत चाळीस वर्षं भांडार सांभाळलं, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. एक खोली, चार वर्ग आणि एक गुरुजी. ते एका वर्गाला पाढे म्हणायला लावून दुसऱ्या वर्गाला शिकवता शिकवता तिसऱ्या वर्गातल्या पोराचा कान धरायचे. तेवढ्या शिक्षणावर मी वखारीतली एक फळी इकडची तिकडे होऊ दिली नाही. खिळे, बिजागऱ्या, वाकडे स्क्रू, कुणी फुकट दिलेली तुटकी करवत, सगळं मांडणीवर लागलेलं असायचं. मांडणी रिकामी दिसली की मला जेवण जायचं नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते या खोडीमुळेच घडलं.

घड्याळजीला एकच मुलगी. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. जावई बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. रविवारी लॅब दुपारपर्यंत उघडी असते, म्हणून मुलगी सकाळी आपल्या लेकीला आजोबांकडे सोडून जायची. लेक दहा वर्षांची. एका जागी बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं. घड्याळजी तिला सेकंदकाटा म्हणायचा. रविवारी दुकानाचं शटर अर्धं खाली असायचं, आत आजोबा, नात आणि भिंतीवर एकोणीस घड्याळं. मी दाराच्या पायरीवर.

घड्याळजीने तिला रमी शिकवायचा प्रयत्न केला. तिसऱ्या डावाला तिने पानं खाली ठेवली.

"आजोबा, तुम्ही एक पान टाकायला किती वेळ लावता."

"विचार करतो, बाळा."

"तेवढ्या वेळात मी जिना चढून उतरून येते." आणि खरंच आली.

एका रविवारी आईचा हात सोडता सोडता ती म्हणाली, "मी शेजारच्या काकूंकडे थांबू का? त्यांच्याकडे गेम आहे. आजोबांकडे काहीच होत नाही." आई तिला गप्प करायला गेली, पण ते घड्याळजीच्या कानावर पडायचं ते पडलंच. त्या दिवशी त्याने एका घड्याळाचे काटे तीनदा बसवले आणि तीनदा काढले.

दोन दिवसांनी मला म्हणाला, "चल, बाजारात जायचंय."

जुने नवे गेम विकणारं एक दुकान होतं, मोबाईल दुरुस्तीवाल्याच्या वरच्या मजल्यावर. गल्ल्यावर तिशीतली एक बाई, केस कापलेले, तोंडात च्युइंगम.

"काय हवं आजोबा?"

"पत्ते," घड्याळजी म्हणाला.

"पत्ते खाली स्टेशनरीत मिळतील."

"तसले नाहीत. टीव्हीवरचे. आणि त्यात मारामारी हवी. एका रिंगणात शिरायचं आणि पळत पळत लढायचं. पापणी लवली की मेलो, असलं. पण पत्ते माझे मी निवडणार. कॅट माझा मी बांधणार."

बाई चघळायची थांबली. "कोण खेळणार?"

"मी आणि नात. तिला पळापळ येते, मला पत्ते येतात. दोघांना एका डावात बसवणारं काही असेल तर बघा."

"आणि हे?" तिने माझ्याकडे हनुवटी केली.

"हा नुसता सोबतीला आलाय. याला यातलं ओ की ठो कळत नाही."

मीही मान डोलावली.

गेम चालवायचं जुनं यंत्र आणि पहिला गेम घेऊन आम्ही आलो. घड्याळांच्या मांडणीत एक छोटा टीव्ही बसवला. पहिल्या गेममध्ये पत्ते भरपूर होते, पण राक्षस समोर स्वस्थ उभा राहायचा. आपण दोन पानं टाकायची, मग तो एक गुद्दा मारायचा, मग परत आपण. नातीने पाच मिनिटं बघितलं. "आजोबा, हा बँकेच्या रांगेत उभा असल्यासारखा वाट बघतोय. याला मारायला नको, टोकन द्यायला हवं." तो गेम परत गेला.

दुसऱ्यात रिंगण होतं, पळापळ होती, रक्त इतकं की घड्याळजीने टीव्हीखाली फडक्याने पुसून घेतलं. पण पत्ते सुरुवातीला एकदा निवडले की गायब, पुढे नुसती हाणामारी. "दारावर पाटी आहे," घड्याळजी म्हणाला, "आत दुकानच नाही." तोही परत गेला.

तिसऱ्यात सगळं होतं. पळायचं, आणि पळता पळताच हातातली पानं फेकायची. फक्त पळणारा आणि फेकणारा एकच. घड्याळजीने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणेपर्यंत त्याचा माणूस मेलेला असायचा. नातीने वेळ मोजली. अकरा सेकंद. पुढच्या वेळी नऊ. "प्रगती आहे," मी म्हणालो, तर दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही.

एव्हाना गेमवालीलाच चेव चढला होता. घड्याळजी जिना चढताना दिसला की ती आधीच मान हलवायची, अजून नाही म्हणून. तो तरी दर आठवड्याला जायचा. गुडघे धरून चढायचा, गुडघे धरून उतरायचा. मी म्हटलं, अरे, फोन करून विचार. म्हणाला, "फोनवर लोक नाही पटकन म्हणतात."

शेवटी तिचाच फोन आला. "आजोबा, सापडला. चित्रं जुनाट आहेत, आवाज किरकिरा आहे, कुणी हात लावत नाही. पण तुमच्या मापाचा आहे."

होताच. त्या गेममध्ये दोघांनी मिळून एकच लढवय्या चालवायचा. एकाने त्याला पळवायचं, उड्या मारायला लावायच्या. दुसऱ्याच्या हातात चार पानं, त्याने योग्य क्षणी योग्य पान फेकायचं: वीज, जाळं, भिंत, आगीचा गोळा. फेकलं की कॅटमधून नवं पान हातात. कॅट संपला की तोच पिसून पुन्हा. आठ रिंगणं. एका रिंगणात दोन-तीन राक्षस, एकेक मेला की तीन नवी पानं पुढे येणार, हवं तर एक घ्या, नको तर राहू द्या. नको म्हटलेली पानं बाजूला एका कोठारात जाऊन पडायची. मध्येच एखाद्या ठिकाणी शेकोटी लागायची, तिथे आपल्या कॅटमधलं नको असलेलं पान जाळून टाकता यायचं. आणि मेलात की सगळं गेलं. पहिल्यापासून सुरू.

ते दोघं खेळायला लागले आणि त्या फटीचं रूपच पालटलं. नात उभी राहून खेळायची, घड्याळजी स्टुलावर, चष्मा नाकावर. "भिंत, आजोबा, भिंत!" "थांब, तो वळू दे." "आत्ता!" आणि तो अशी भिंत टाकायचा की राक्षस स्वतःहून तिच्यावर जाऊन आपटायचा. ज्या बोटांनी मोहरीएवढे स्क्रू धरले त्या बोटांना एक बटण वेळेवर दाबणं काय जड. मला वाटायचं हे माझ्याच घरचं कौतुक आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला पायरीवरून सांगायचो, आत लढाई चालू आहे, घड्याळ उद्या आणा.

गंमत म्हणजे घड्याळजी पानं घ्यायचाच नाही. राक्षस मेला की तीन सुंदर चकचकीत पानं समोर यायची आणि तो म्हणायचा, "नको." शेकोटी दिसली की उलट असलेलं पान जाळायचा. न राहवून मी विचारलं, तर नात म्हणाली, "वखारआजोबा, पानं कमी असली की चांगलं पान लवकर फिरून येतं." घड्याळजी म्हणाला, "घड्याळात एक चक्र जास्तीचं बसवून बघ, किती चालतं ते." मी बरं म्हटलं. पण डोक्यात शिरलं नाही. आयुष्यभर मी बावन्न पानांनी खेळलो. एक पान हरवलं तर आम्ही सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा कापून त्यावर चौकट दश्शी काढायचो, पण कॅट पुरा करायचो. आणि इथे यांचा कॅट पंधरा पानांचा.

खूप वेळा मेले. पण शेवटी असा एक डाव लागला की अकरा रविवार टिकला. सात रिंगणं झाली, आठवं उरलं. नातीचे बाबा बोटीवरून त्या आठवड्यात फोन करणार होते, आणि तिने ठरवलं होतं की सांगायचं तर जिंकल्याचंच सांगायचं. तोवर तिच्या आईलासुद्धा काही सांगायची आम्हाला बंदी होती.

आठव्या रिंगणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, घड्याळजी एका घड्याळाची काच आणायला ठोक बाजारात गेला आणि मला दुकानात बसवून गेला. गिऱ्हाईक नव्हतं. मी टीव्ही लावला. कळत नाही कळत नाही म्हणत अकरा रविवार पायरीवरून बघत होतो, कुठलं बटण कशाला ते डोळ्यांना पाठ झालं होतं. म्हटलं, नुसतं बघू. बघता बघता ते कोठार उघडलं. आत नाकारलेली पानं, सदतीस. शेवटच्या रिंगणाआधी हवी ती घेता येतील असं त्याखाली लिहिलेलं होतं. सदतीस आणि पंधरा. मी बोटांवर केली तरी बेरीज तीच आली.

मला खरंच आनंद झाला. आता हसू येत नाही, पण तेव्हा वाटलं की देवानेच हिशेब जुळवून ठेवलाय. एवढा माल बाजूला धूळ खात पडलाय आणि यांची मांडणी रिकामी. उद्या शेवटचा सगळ्यात मोठा राक्षस, आणि हे पंधरा पानं घेऊन जाणार. मी एकेक पान उचलून आत ठेवत गेलो. लाकडी ढाल, दगड, मेणबत्ती, आणखी एक मेणबत्ती. बावन्न झाली तेव्हा मी टीव्ही बंद केला, फडक्याने पुसला आणि घड्याळजी आला तेव्हा त्याला चहा सांगितला. मनात म्हटलं, उद्या बघ तर खरं.

रविवारी आठवं रिंगण सुरू झालं आणि पहिल्याच हाताला चार पानं आली: दगड, मेणबत्ती, दगड, ढाल.

"वीज टाका, आजोबा."

"वीज आली नाही."

"मग जाळं."

"जाळं नाही. मेणबत्ती आहे."

"मेणबत्ती कुठून आली?"

घड्याळजी फेकत राहिला, येत राहिलं ते सगळं भंगार. नात पळत होती, उड्या मारत होती, शेवटी कोपऱ्यात सापडली. चाळीस सेकंदात संपलं. मग पडद्यावर कॅट मांडला गेला. बावन्न पानं, रांगेने. कोठारातून घेतली, काल, असं खाली लिहिलेलं.

नात आधी रडली नाही. तिने विचारलं, "तुम्ही घेतलीत, आजोबा?"

घड्याळजीने चष्मा काढला. स्वतःच्या हातांकडे बघितलं, उलटे करून, सुलटे करून. "काल संध्याकाळी मी लावला होता," तो म्हणाला, "नुसता बघायला. मला वाटलं मी नुसता बघितला." मग म्हणाला, "घेतली असतील, बाळा. माझ्या हातून झालं असेल."

मी पायरीवर होतो. तोंड उघडलं होतं, अगदी शब्द जिभेवर होता. तेवढ्यात नात रडायला लागली आणि मी तोंड मिटलं. म्हटलं, आत्ता नको. पोर शांत होऊ दे. घड्याळजीलाही सावरू दे. उद्या हसत हसत सांगू. माणूस स्वतःला असं समजावतो तेव्हा किती प्रेमाने समजावतो.

घड्याळजीची आई शेवटच्या काळात विसरायला लागली होती. घराची सगळी कुलपं उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची, आणि विचारलं तर म्हणायची, मी कुठे हात लावला. हे त्याने मला फार वर्षांपूर्वी एकदाच सांगितलं होतं. सोमवारी मी गेलो तेव्हा तो कामाला बसला नव्हता. मला म्हणाला, "आईचं असंच सुरू झालं होतं. आधी छोट्या गोष्टी."

त्या क्षणी सांगायला काय हरकत होती? काही नव्हती. पण रविवारी नुसती चूक होती, सोमवारी ती चोरी झाली होती. काल का बोलला नाहीस, याला उत्तर नव्हतं. आणि मी काय केलं, तर त्याला सल्ला दिला. म्हणालो, "अरे, एवढं काय. लक्षात राहत नसेल तर लिहून ठेवत जा."

त्याने ऐकलं. मंगळवारपासून दुकानात चिठ्ठ्या आल्या. भिंगाच्या डबीवर, खणांवर, टीव्हीवर. "दुपारची गोळी घेतली." "कुलूप दोनदा ओढून बघितलं." "गेम लावला नाही." त्याचं अक्षर सुरेख, छापल्यासारखं. प्रत्येक चिठ्ठी मला वाचता यायची. एका गिऱ्हाइकाने स्वतःच्या आजोबांच्या वेळचं घड्याळ आणलं, तर घड्याळजी म्हणाला, "बारीक काम आता घेत नाही. पट्टे, सेल, एवढंच." गिऱ्हाईक गेलं. मी रमीची पानं पिसत बसलो. तो डाव मी जिंकलो, कारण त्याने हातातला जोकर टाकून दिला, आणि मग मला म्हणाला, "बघितलंस?"

रविवार आला, नात आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. मी विचारलं, बरं नाही का तिला?

"बरी आहे," तो म्हणाला. "मीच सांगितलं लेकीला. म्हटलं, पोर माझ्याकडे एकटी सोडू नकोस. रस्ता आहे समोर, वाहनं आहेत. उद्या माझ्या लक्षात राहिलं नाही की ती माझ्याकडे आहे, तर?"

ती शेजारच्या काकूंकडे थांबत होती. ज्यासाठी तो गुडघे धरून गेमवालीचा जिना चढत राहिला, ते मी दुपारच्या अर्ध्या तासात घालवलं होतं आणि वर गप्प बसून पक्कं केलं होतं. मला घरी अन्न गोड लागेना. सून म्हणाली, डॉक्टरला दाखवा. मी बदाम आणले, अर्धे घड्याळजीला नेऊन दिले, स्मरणशक्तीला चांगले असतात म्हणून. त्याने इमानाने खाल्ले, आणि "बदाम खाल्ले" अशी चिठ्ठी लावली.

पाच आठवडे झाले होते. ती चिठ्ठी बघून मला राहवलं नाही. दुपारची वेळ, दुकानात आम्ही दोघंच.

"ती पानं मी घातली," मी म्हणालो.

"कुठली?"

"गेममधली. सदतीस. शनिवारी तू काच आणायला गेला होतास तेव्हा."

त्याने भिंग डोळ्यावरून काढलं. "तुला येतं ते?"

"बघून बघून आलं."

"का घातलीस?"

"पंधराच होती रे. मला बघवेना."

तो हसला. खरंच हसला, खांदे हलले. मीही हसायला लागलो, आणि तो थांबला तेव्हा मी एकटाच हसत होतो.

"पाच आठवडे," तो म्हणाला. "पाच आठवडे तू इथे बसून माझ्याबरोबर चहा पीत होतास. मी चिठ्ठ्या लावतोय आणि तू वाचतोयस."

मी हातातला पेला खाली ठेवला.

"शिवी द्यावी तर ती पण सुचत नाही मला," तो म्हणाला. "जा, लेकीला सांग. तूच सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल, म्हातारा आता सबबी शोधायला लागला."

लॅबमध्ये मी नंबर लावून बसलो, कारण त्याशिवाय आत सोडत नव्हते. माझा नंबर आला. घड्याळजीची लेक मान वर न करता म्हणाली, "बाही वर घ्या," आणि दंडाला रबर बांधूनही मोकळी झाली. मग तिने वर बघितलं. "काका? कसली तपासणी सांगितलीय?"

"तपासणी नाही. तुझ्या बाबांचं डोकं ठिकाणावर आहे, एवढं सांगायला आलोय." आणि बाही वर, दंडाला रबर, अशा अवस्थेत मी सगळं सांगितलं. शनिवार, कोठार, मेणबत्त्या, चिठ्ठ्या, बदाम. हात काळानिळा पडायला लागला तेव्हा तिने रबर सोडलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "काका, मी त्यांना मोठ्या डॉक्टरकडे नेलं होतं. त्यांना कागद दिला आणि सांगितलं, यावर एक घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं झालेलं. सगळ्यांना तेच काढायला लावतात म्हणे. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा माणूस तो. त्यांनी काढलं, आतली चक्रंसुद्धा काढली. डॉक्टर म्हणाले, उत्तम. बाबा त्या दिवशी घरी जेवले नाहीत." तिने सुई, कापूस, सगळं नीट परत ठेवलं. "पुढचा नंबर आहे, काका. संध्याकाळी घरी या. तिलाही तुम्हीच सांगा."

संध्याकाळी गेलो. सेकंदकाटा त्या दिवशी मात्र जागेवर बसून ऐकत होती.

"दगड पण घेतलेत?" तिने विचारलं.

"घेतले."

"सगळे?"

"सगळे."

"मेणबत्ती?"

"दोन."

"मेणबत्ती कुणीच घेत नाही, वखारआजोबा. ती फक्त जाळायला असते." ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मोठी माणसं मुलांकडे बघतात तशी. "मी आजोबांना म्हटलं होतं, तुम्ही सगळं विसरता. त्यांनी ऐकून घेतलं. आता ते मला परत कसं घेता येईल?"

म्हटलं, मलाही शोधायचंय.

"रविवारी या," ती म्हणाली. "मागे बसायचं. हात खिशात."

तेव्हापासून मी हात खिशात घालून बसतो. पहिल्या रिंगणापासून पुन्हा सुरू केलंय त्यांनी, आता पाचव्यापर्यंत गेलेत, कॅट बारा पानांचा आहे. घड्याळजी बारीक काम पुन्हा घ्यायला लागलाय. माझ्याशी महिनाभर रमी खेळला नाही, नंतर एक दिवस स्वतःच पानं पिसायला घेतली.

पण चिठ्ठ्या गेल्या नाहीत. कमी झाल्या, गेल्या नाहीत. माझं त्याला सांगून झालं, लेकीला सांगून झालं, डॉक्टरने उत्तम म्हटलं, तरी मान वळवून तो कुलूप दोनदा ओढतोच. शंका अशी आत शिरली की तिला चिमट्याने धरून बाहेर काढता येत नाही, निदान माझ्याकडे तसा चिमटा नाही. म्हणून मी एक करायला लागलो. दुकानात काहीही इकडचं तिकडे झालं की म्हणतो, मी केलं. खिडकी उघडी राहिली, मी उघडली. पेल्याखालची बशी सापडत नाही, मी कुठेतरी ठेवली.

परवा एका बाईचं घड्याळ दुरुस्त झालेल्यांच्या खणात सापडेना. शोधता शोधता ते निघालं पट्ट्यांच्या डब्यात. घड्याळजी हातात घड्याळ धरून उभा राहिला.

"हे इथे कुणी ठेवलं?"

"मी," मी म्हणालो. "काल तू बाहेर गेला होतास तेव्हा."

मी त्या डब्याला हात लावलेला नव्हता. आदल्या दिवशी मी दुकानात आलोच नव्हतो, सुनेबरोबर दवाखान्यात होतो.

त्याने माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. मग स्टुलावर बसला, कागदाचा तुकडा घेतला आणि लिहिलं, "काल वखारवाला आला नव्हता." या वेळी चिठ्ठी त्याने कुठे चिकटवली नाही, घडी घालून खिशात ठेवली. मीही विचारलं नाही. "पान टाक," तो म्हणाला, आणि मी टाकलं.